नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मे महिन्याच्या सुटीत आम्ही सगळी भावंडे मुलाबाळांसह रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जमतो. यंदा माझ्या भावाची मुलगी एक पिशवी भरून पुस्तके घेऊन आली होती. ती सातवीत, नवी मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. दुसऱ्याच दिवशी दुपारी पडवीत पाहते तो काय, सगळी पोरे तिच्याभोवती कोंडाळे करून बसलेली, हातात वह्या आणि रंगीत पेन्सिली. मोबाइल कोणाच्याच हातात नाही. मला आधी आनंद झाला, मग शंका आली.

"काय चाललंय?" मी विचारले.

"मांजरांचा कबिला बनवतोय," माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला. "अम्मी, माझ्या मांजराला एक नाव दे ना."

मी सहज म्हणाले, "मोती ठेव."

त्यावर भाची कपाळाला हात लावून म्हणाली, "फुफू, असं नाही चालत! आधी सांग, ते मांजर आहे कसं? मग नाव."

मी वीस वर्षे शाळेत शिकवते. दर जूनमध्ये हजेरीपटावर चाळीस-पन्नास नवी नावे लिहिते. पण आधी माणूस पाहा आणि मग नाव घ्या, हे मला त्या दिवशी बारा वर्षांच्या मुलीने शिकवले.

पुस्तकातले कबिले

ती पुस्तके 'वॉरियर्स' नावाच्या इंग्रजी कथामालेची होती. पहिले पुस्तक २००३ साली आले आणि त्यानंतर या मालेत अनेक पुस्तके निघाली. मुखपृष्ठावर एरिन हंटर हे नाव असते, पण ती एक व्यक्ती नाही. व्हिक्टोरिया होम्स, केट कॅरी, चेरिथ बाल्ड्री अशा लेखिकांनी मिळून घेतलेले ते टोपणनाव आहे. जिथे नावांना एवढे महत्त्व आहे, त्या पुस्तकांच्या लेखिकेचे नावही असे ठरवून ठेवलेले, ही गंमतच.

कथा इंग्लंडमधल्या रानात घडते. तिथे रानमांजरांचे चार कबिले राहतात. थंडरक्लॅन झाडीत राहतो आणि उंदीर-खारी मारतो. रिव्हरक्लॅन नदीकाठी मासे पकडतो. विंडक्लॅन उघड्या माळावर सशांमागे धावतो. शॅडोक्लॅन दलदलीच्या, पाइन वृक्षांच्या अंधाऱ्या भागात राहतो. प्रत्येक कबिल्याची हद्द ठरलेली, कायदे ठरलेले. म्हाताऱ्यांना आणि पिल्लांना आधी खाऊ घालायचे, मग आपण खायचे, हा त्यातलाच एक कायदा. आपल्या घरांतूनही तो पुन्हा शिकवायला हरकत नाही.

एक गोष्ट पालकांनी आधीच जाणून घ्यावी. या पुस्तकांत लढाया आहेत, रक्त आहे, मृत्यू आहेत. अगदी लहानांच्या हाती ती देऊ नयेत. शिवाय मेलेली मांजरे ताऱ्यांत राहतात आणि जिवंतांना वाट दाखवतात, अशी कल्पना त्यांत आहे. मी मुलांना स्पष्ट सांगितले की ही गोष्टीतली कल्पना आहे, आपला अकीदा वेगळा. मुलांनी मान डोलावली आणि पुन्हा मांजरांकडे वळली. मुलांना गोष्ट आणि श्रद्धा यांतला फरक कळतो, फक्त तो एकदा शांतपणे सांगावा लागतो.

नाव कसे बनते?

या मांजरांचे नाव दोन भागांचे असते. पहिला भाग आई देते, तो बहुधा पिल्लाच्या रंगावरून किंवा रूपावरून. दुसरा भाग वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलत जातो. पिल्लू असेपर्यंत नावाच्या शेवटी 'किट' म्हणजे पिल्लू. सहा महिने झाले की शिक्षण सुरू होते आणि 'किट' जाऊन 'पॉ' म्हणजे पंजा लागतो. शिक्षण पुरे झाले की कबिल्याचा प्रमुख सगळ्यांसमोर त्याला योद्धा म्हणून स्वीकारतो आणि नावाचा कायमचा दुसरा भाग देतो. प्रमुख झालेल्या मांजराच्या नावाशेवटी 'स्टार' म्हणजे तारा येतो.

कथेचा नायक आधी एका घरात पाळलेला बोका असतो. नाव रस्टी, म्हणजे तांबूस. तो रानात येतो तेव्हा उन्हात त्याचे अंग आगीसारखे चमकते, म्हणून प्रमुख ब्लूस्टार त्याला फायरपॉ म्हणते. पुढे तो फायरहार्ट होतो आणि अखेर फायरस्टार. 'आग' शेवटपर्यंत तीच राहते, पण आधी ती कातडीवर असते, मग काळजात जाते.

दुसरा नियम मला फार आवडला. मांजरांना जे ठाऊक आहे त्याचेच नाव ठेवता येते. झाड, पान, पाऊस, पक्षी, दगड, धुके, राख. रानातल्या मांजराला आगगाडी किंवा हिरा ठाऊक नाही, म्हणून तसे नाव नाही. टायगरक्लॉ नावाचा एक बोका आहे. इंग्लंडच्या रानात वाघ कुठला? पण या मांजरांत वाघ-सिंहांच्या प्राचीन कबिल्यांच्या दंतकथा सांगितल्या जातात, म्हणून ते नाव चालते. नाव त्या जगाच्या मातीतून यायला हवे, हाच त्याचा अर्थ.

आमचे कोकणी कबिले

मग मी मुलांना म्हटले, इंग्लंडचे रान तुम्ही पाहिलेले नाही. तुमची मांजरे इथली असू द्या. झाले! अर्ध्या तासात चार कबिले उभे राहिले. सड्याचा कबिला, खाडीचा कबिला, राईचा कबिला आणि बंदराचा कबिला. बंदराच्या मांजरांना मासळी आयती मिळते म्हणून ती सुस्त आणि भांडकुदळ. सड्यावरच्यांना उन्हाळ्यात पाणी मिळत नाही म्हणून ती काटक आणि कमी बोलणारी. स्वभाव जागेवरून येतो, हे पोरांना न सांगता समजले.

नावांची मात्र पंचाईत झाली. इंग्रजीचे शब्दश: मराठी केले की 'अग्निहृदय' होते. ते मांजराचे नाव वाटत नाही, नाटकातल्या सेनापतीचे वाटते. 'आगकाळीज' म्हटले की पोरे हसून लोळतात. तेव्हा माझी अम्मी माजघरातून म्हणाली, "अगं, आपल्याकडे जनावरांना नावं काय कमी आहेत?" आणि ती सांगू लागली. पांढरा तो ढवळ्या, तांबडी ती तांबू, ठिपक्यांची ती कबरी. एका शब्दात जनावर डोळ्यांसमोर उभे राहते.

मग आम्ही आमचा नियम केला. पिल्लाला एकच शब्द, रूपावरून आणि इथल्या मातीतला. करवंद, पाचोळा, दंव, ओहोटी, रातांबा, खेकडा. मोठे झाल्यावर त्याने जे कमावले ते त्याच्या नावामागे लावायचे, जसे गावात माणसाच्या नावामागे त्याचे काम लागते. माझ्या मुलाचे मांजर काळेभोर, छातीवर एक पांढरा ठिपका, रात्री फिरणारे. बराच विचार करून त्याने नाव ठेवले काजवा. पुढे तो काजवा पावसाळ्यात वाट चुकलेल्या पिल्लांना घरी आणतो, म्हणून तो झाला काजवा वाटाड्या. मी सुचवलेल्या 'मोती'पेक्षा हे कितीतरी सरस होते, हे मान्य केले पाहिजे.

स्वभाव म्हणजे गुणांची यादी नव्हे

नावानंतर स्वभाव. पहिल्या दिवशी प्रत्येकाचे मांजर शूर, हुशार, देखणे आणि सगळ्यांचे लाडके होते. मग गोष्टच पुढे सरकेना. सगळेच शूर असतील तर घाबरणार कोण आणि कोणाला कोण वाचवणार?

भाचीने पुस्तकातले उदाहरण दिले. यलोफँग नावाची एक म्हातारी मांजरी आहे. पिवळे दात, फाटके तोंड, सगळ्यांवर खेकसणारी. दुसऱ्या कबिल्यातून हाकललेली. पण तीच पुढे थंडरक्लॅनची वैद्य होते आणि रात्र रात्र जागून जखमा बऱ्या करते. तिच्या जिभेची धार आणि हातातला गुण, दोन्ही खरे आहेत. वाचकाला ती आवडते ती या दोन्हींमुळे. आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात अशी एक खाला किंवा दादी असतेच!

मी मुलांना चार प्रश्न फळ्यावर लिहावेत तसे वहीत लिहून दिले. याला काय चांगले येते? हे कशाला घाबरते? याची कोणती खोड इतरांना त्रास देते? आणि याची सोबत कोणाशी? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पवळ्याचा रंग नाही तरी गुण ढवळ्याला लागतो, हे आपण ऐकत आलो आहोत. काजवा विजेच्या कडकडाटाला घाबरतो असे ठरले. वीज चमकली की तो पहिल्यांदा स्वत: लपतो आणि मग पिल्लांसाठी बाहेर येतो. हे ठरवताना माझा मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता. वीज चमकली की माझ्या कुशीत कोण शिरते, ते मला ठाऊक आहे.

लंगडीचे नाव काय होते?

तिसऱ्या दिवशी आमची खरी मांजर खेळात आली. अम्मीच्या घरात एक मांजरी आहे. दोन वर्षांपूर्वी रिक्षाखाली तिचा मागचा पाय गेला. तेव्हापासून सगळे तिला लंगडी म्हणतात. "लंगडी, बाजूला हो." "लंगडीला भात घाल." कोणाच्या मनात वाईट नसते.

एका मुलाने वहीत लिहिले, नाव लंगडी, कबिला राईचा. भाची एकदम गप्प झाली. मग तिने विचारले, "दादी, पाय मोडायच्या आधी हिचं नाव काय होतं?"

अम्मी निवडायचे तांदूळ हातात धरून थांबली. आम्हा कोणालाच आठवेना. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बदामी. डोळे बदामासारखे आहेत ना हिचे."

मग भाचीने तीन मांजरांच्या गोष्टी सांगितल्या.

पहिला स्टॉर्मकिट, म्हणजे वादळ. धिप्पाड, देखणे पिल्लू. एकदा दगडांवर पडून त्याचा जबडा मोडला आणि वाकडाच राहिला. त्याच्या आईला त्याचे तोंड पाहवेना. तिने प्रमुखाला सांगून त्याचे नावच बदलले, क्रुकेडकिट, म्हणजे वाकडा. सगळी माया भावाकडे गेली. हा मात्र ते नाव घेऊन वाढला, कामाने मोठा झाला आणि अखेर रिव्हरक्लॅनचा प्रमुख झाला, क्रुकेडस्टार.

दुसरी ब्राइटपॉ. कुत्र्यांच्या हल्ल्यात तिचा एक डोळा आणि एक कान गेला, सोबतचा मित्र जिवानिशी गेला. ती मरणार असे वाटून प्रमुख ब्लूस्टारने तिला घाईने योद्ध्याचे नाव दिले. पण दु:खाने आणि रागाने तिचे भान सुटलेले होते. तिने नाव दिले लॉस्टफेस, म्हणजे चेहरा हरवलेली. ती जगली. पाण्यात आपले रूप पाहिले आणि हाकही तीच ऐकू आली. पुढे फायरस्टार प्रमुख झाला तेव्हा त्याने सर्वांसमोर ते नाव बदलले आणि तिला ब्राइटहार्ट म्हटले, उजळ काळजाची. एका डोळ्याने लढायची नवी रीत ती शिकली.

तिसरे एक लहानखुरे काळे पिल्लू. नाव टायनी, म्हणजे एवढेसे. भावंडे त्याची टर उडवत आणि सांगत, तुला कोणी पाळणार नाही, तुला नदीत बुडवतील. ते पळून गेले आणि त्याने स्वत:च स्वत:चे नाव ठेवले स्कर्ज, म्हणजे आसूड. मोठेपणी तो सगळ्या रानाचा काळ झाला.

एकाने व्यंगाचे नाव पेलले, एकीचे कोणीतरी बदलले, आणि एकाने त्याचा सूड जगावर उगवला. मुले ऐकत होती. मी ऐकत होते आणि मला एक मुलगा आठवत होता.

माझ्या वर्गातला मुलगा

नोकरीची पहिली वर्षे होती. वर्गात एक मुलगा फार सावकाश लिहायचा. अक्षर मोत्यासारखे, पण फळ्यावरचे उतरून होईपर्यंत घंटा व्हायची. एक दिवस मी वैतागून म्हणाले, "काय रे, गोगलगाय आहेस का?" वर्ग हसला. तोही हसला. मी दुसऱ्या दिवशी विसरून गेले.

वर्ग विसरला नाही. मधल्या सुटीत तो गोगल्या झाला आणि दहावीपर्यंत गोगल्याच राहिला. काही वर्षांपूर्वी बाजारात एका दुकानात गेले. काउंटरवर तोच होता. अदबीने सलाम केला, खुर्ची दिली. एवढ्यात मागून त्याचा मित्र ओरडला, "गोगल्या, चहा सांगू का?" तो माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हीच ठेवलंत ना नाव."

त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अजून टोचते. त्याच्या वालिदांनी अकीक्याच्या दिवशी विचार करून ठेवलेले सुंदर नाव होते. ते एका वाक्यात मी पुसले होते. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. त्या दिवशी मी ते अंतर ओलांडले.

आपल्याला हे नवे नाही

पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवण्यास आणि वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे. हे आपण मुलांना पाठ करायला लावतो. पण घरात जाड्या, काळू, चकण्या, ढ अशी नावे चालूच असतात आणि आपण त्यांना लाड म्हणतो.

प्रेषित मुहम्मद (स.) नावांकडे किती बारकाईने पाहत, हे हदीसमधून कळते. हजरत उमर (रजि.) यांच्या एका मुलीचे नाव आसिया होते, अरबीत ज्या शब्दाचा अर्थ अवज्ञा करणारी असा होतो. प्रेषितांनी (स.) ते बदलून जमीला ठेवले. हज्न म्हणजे खडबडीत, कठीण. त्या नावाच्या एका गृहस्थांना त्यांनी सहल, म्हणजे सोपा, हे नाव सुचवले. वडिलांनी ठेवलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब पुढे सांगत की तो खडबडीतपणा आमच्या घराण्यात राहूनच गेला.

(फिरऔनच्या पत्नीचे आसिया हे नाव अरबीत वेगळ्या अक्षरांनी लिहिले जाते. ते सन्मानाचे नाव आहे. आपल्या मुलींनी काळजी करू नये.)

आणि मांजराचे म्हणाल, तर हजारो हदीस आपल्यापर्यंत पोहोचवणारे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना सारी दुनिया ओळखते ती एका मांजरामुळे. ते घरच्या शेळ्या चारत आणि त्यांच्यापाशी एक छोटे मांजर असे, त्याच्याशी ते खेळत. म्हणून अबू हुरैरा, मांजराच्या पिल्लाचे वडील. हेही टोपणनावच आहे. पण ते त्यांच्या व्यंगावरून पडले नाही, त्यांच्या मायेवरून पडले. लाडाचे नाव आणि जखमेचे नाव ओळखायचे असेल तर एवढेच पाहावे, हे नाव त्या माणसात आधी काय पाहते?

सुटीत करून पाहा

घरी मुले असतील तर हा खेळ जरूर खेळा. पैसे लागत नाहीत, एक वही पुरते. आधी जागा ठरवा, मुलांनी स्वत: पाहिलेली. नदी, डोंगर, मोहल्ला, गिरणीची चाळ, काहीही. मग मांजराचे रूप. मग वर दिलेले चार प्रश्न. नाव सगळ्यात शेवटी. नाव मोठ्याने हाक मारून पाहा. दूरवरून हाक मारता येत नसेल तर ते मांजराचे नाव नाही. उर्दू येत असेल तर तिथले शब्दही घ्या, शबनम, बादल, चिनार. फक्त ते मुलाला ठाऊक असलेले असावेत. आणि एक अट ठेवा, कोणाच्याही मांजराला त्याच्या उणिवेचे नाव द्यायचे नाही. उणीव स्वभावात येऊ द्या, गोष्टीत येऊ द्या. नावात नको.

आमच्या घरी लंगडीची आता बदामी झाली आहे. अम्मी अजून चुकते, मग स्वत:च जीभ चावते. मांजरीला काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. तिला पडत नसेलही. पोरांना पडला.

सुटीवरून परतल्यावर मी त्या दुकानात पुन्हा गेले. मित्रमंडळी बसलेली होती. मी त्याला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारली, हजेरी घेताना मारतात तशी, जरा मोठ्याने. त्याने पटकन वर पाहिले आणि न कळत म्हणाला, "हजर, मॅडम." सगळे हसले. मग मी त्यांच्यासमोरच त्याची माफी मागितली. तो ओशाळला, नको नको म्हणाला. मित्र त्याला आता काय म्हणतात, मला माहीत नाही. एकदा सुटलेले नाव परत घेणे मास्तरणीच्या हाती राहत नाही.

अल्लाह आपल्या जिभांना सांभाळो आणि आपल्या मुलांना त्यांच्या चांगल्या नावांनी ओळखले जाण्याचे भाग्य देवो. आमीन.